इंग्लिश खेड्याचा इतिहास कसा वाचावा : लॅक्स्टनच्या शिवारातून

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याचा इतिहास शोधायचे मनात आले की बहुतेक जण थेट अभिलेखागार गाठतात. मीही तेच केले होते. नॉटिंगहॅमच्या एका वाचनकक्षात दोन दिवस बसून मी शेतांच्या पट्ट्यांची जुनी नावे उतरवून घेतली, परंतु ती जमिनीवर नेमकी कुठे आहेत हे ठाऊक नसल्यामुळे वही भरली तरी गाव काही डोळ्यांपुढे उभे राहिले नाही. तिसऱ्या दिवशी गावात जाऊन शिवार फिरलो, ओढ्याकाठच्या गवतात उभा राहिलो, चढ कुठे आणि उतार कुठे हे पायांना कळले, तेव्हा आदल्या दोन दिवसांच्या नोंदी आपापल्या जागी बसू लागल्या. म्हणून या लेखात सुचवलेला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे : आधी नकाशा पाहावा, मग पायी फिरावे आणि जुने कागद सर्वांत शेवटी उघडावेत.

उदाहरणासाठी मी नॉटिंगहॅमशायर परगण्यातले लॅक्स्टन हे गाव घेतले आहे. ते न्यूअर्क शहराच्या वायव्येस, टक्सफर्डच्या दक्षिणेस आणि ऑलर्टनच्या पूर्वेस चिकण मातीच्या चढउतारांवर वसलेले आहे. मध्ययुगात मध्य इंग्लंडमधल्या बहुसंख्य गावांची शेती एका ठरावीक रीतीने चालत असे. गावाभोवती कुंपण नसलेली दोन-तीन विस्तीर्ण शेते असत, त्यांत प्रत्येक कुटुंबाचे पट्टे इकडे-तिकडे विखुरलेले असत, आणि कोणत्या शेतात कोणत्या वर्षी काय पेरायचे हे सारे गाव मिळून ठरवत असे. लॅक्स्टनमध्ये ही रीत आजही चालू आहे, आणि तिचे इतके पूर्ण रूप इंग्लंडमध्ये अन्यत्र टिकलेले नाही. ज्याला इंग्लिश खेडे मुळापासून समजून घ्यायचे आहे त्याने सुरुवात इथून करावी असे मला मनापासून वाटते, कारण इतर गावांत जे पुसले गेले आहे ते ओळखण्याची नजर इथे तयार होते.

निघण्यापूर्वी

घरी बसून करायचे पहिले काम नकाशांचे आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा, कारण त्यात शेतांची कुंपणे आणि सार्वजनिक पायवाटा या दोन्ही गोष्टी दाखवलेल्या असतात. त्याच्या शेजारी एकोणिसाव्या शतकातला, एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचा जुना नकाशा ठेवावा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे जुने नकाशे संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले असून आजचे उपग्रहचित्र आणि जुना नकाशा शेजारी-शेजारी पाहण्याची सोयही तिथे आहे. दोन्हींत पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची, शीव कशी वळते, चर्च गावाच्या मध्यावर आहे की कडेला, रस्ते कुठे अकारण काटकोनात वळतात आणि शेतांच्या कडा सरळ आहेत की वाकड्या, एवढे टिपून ठेवावे. पट्टीने आखल्यासारखी सरळ कुंपणे बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली असतात. वाकडीतिकडी कुंपणे त्याहून जुनी असण्याचा संभव अधिक असतो.

दुसरे काम गावाच्या नावाचे. लॅक्स्टनच्या शेवटी असलेला ‘टन’ हा जुन्या इंग्लिशमधला शब्द असून त्याचा अर्थ वाडी किंवा वस्ती असा होतो, आणि ‘लॅक्सा नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती’ असा या नावाचा उलगडा केला जातो. आता एकाच नावावर न थांबता आजूबाजूची नावेही वाचावीत. शेजारचे एग्मन्टन हे इंग्लिश घडणीचे आहे, पण जवळचेच वेल्सबी आणि बिल्स्थॉर्प यांच्या शेवटचे ‘बी’ आणि ‘थॉर्प’ हे शब्द डेन्मार्कहून आलेल्या डेन लोकांच्या भाषेतले आहेत, कारण नवव्या शतकात नॉटिंगहॅम हे डेन लोकांच्या ताब्यातल्या पाच प्रमुख नगरांपैकी एक होते. एवढ्या पाच-सात मैलांच्या टापूत दोन भाषांच्या वस्त्या शेजारी नांदत होत्या, हे केवळ नकाशावरच्या नावांवरून कळते.

तिसरे काम म्हणजे डूम्सडे बुकातली, म्हणजे अकराव्या शतकातल्या जमिनींच्या पाहणीच्या दप्तरातली, नोंद शोधणे. १०६६ मध्ये नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने १०८५ च्या नाताळात या पाहणीचा हुकूम दिला आणि १०८६ मध्ये ती पार पडली. प्रत्येक नोंदीत १०६६ पूर्वी जमीन कोणाकडे होती आणि आता कोणाकडे आहे हे दिलेले असते. लॅक्स्टनच्या बाबतीत आधीचा धनी टोकी, हे डेन वळणाचे नाव, आणि नंतरचा जॉफ्री आल्सेलिन, म्हणजे नॉर्मन. एका ओळीत सत्तांतर दिसते. मात्र ही नोंद वाचताना एक चूक टाळावी : त्यात मोजलेली माणसे कुटुंबप्रमुख आहेत, गावाची सारी लोकसंख्या नव्हे, आणि एखाद्या गावाचे नाव सापडले नाही म्हणून ते त्या वेळी अस्तित्वातच नव्हते असा निष्कर्ष काढू नये, कारण ती पाहणी गावांची नसून जहागिरींची होती.

गावाच्या रस्त्यावर

लॅक्स्टनमध्ये पोहोचल्यावर पहिली फेरी घाई न करता मुख्य रस्त्याने मारावी आणि शेतकऱ्यांची घरे नेमकी कुठे आहेत ते मोजावे. ती गावातच आहेत. विटांची, कौलारू, अनेकांची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि दर्शनी बाजू आतल्या अंगणाकडे, पलीकडे धान्याची कोठारे व गोठे, आणि त्यामागे लांबट परसू. ज्याला आपण गावठाण म्हणतो त्याच्या आतच बहुतेक शेतघरे एकवटलेली आहेत आणि खुल्या शिवारात घर नाही. याचे कारण शेतीच्या रीतीत दडलेले आहे : ज्याची जमीन दहा दिशांना विखुरलेली आहे त्याला घर बांधण्यासाठी गावाच्या मध्याइतकी सोयीची दुसरी जागा नसते. पुढे दुसऱ्या एखाद्या इंग्लिश गावात गेलात आणि शेतघरे गावापासून लांब, एकेकटी, आपापल्या जमिनीच्या मधोमध उभी दिसली, तर तिथे सामाईक शेती मोडून जमिनीची फेरवाटणी झाली हे समजावे. अशा घरांना कधीकधी वॉटर्लू किंवा क्यूबेक अशी युद्धांची व दूरच्या मुलखांची नावे दिलेली आढळतात आणि त्यावरून बांधकामाच्या काळाचाही अंदाज येतो.

रस्त्यालगत एक लहानसे बंदिस्त आवार दिसेल. तो कोंडवाडा आहे. मोकाट सुटलेले जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले की त्याला इथे आणून कोंडत आणि मालकाकडून दंड घेऊन सोडत. हे काम पाहणाऱ्या माणसाचे पद गावाच्या न्यायसभेच्या नेमणुकांत अजून आहे. कुंपण नसलेल्या शिवारात कोंडवाडा ही निकडीची गोष्ट होती, आणि म्हणून इंग्लंडमध्ये जिथे कुठे त्याचे अवशेष दिसतील तिथे आधी गावाच्या शेतीचा विचार करावा.

गावाच्या उत्तरेला पायवाटेने गेल्यास मातीचा एक मोठा कृत्रिम टेकाड लागतो. हा नॉर्मन काळातला किल्ला. दगडी भिंती शिल्लक नाहीत, पण खंदक, बाहेरचे आवार आणि उंचवटा अजून इतका ठळक आहे की आखणी सहज कळते. शेरवुडच्या राजअरण्याची राखण ज्या घराण्याकडे वंशपरंपरेने होती त्याचे हे ठाणे होते. वर चढून गावाकडे पाहावे : किल्ला, चर्च आणि शेतकऱ्यांचा रस्ता ही तिन्ही एका नजरेत येतात.

शिवार

आता खरे काम. या फेरीसाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा आणि पावसाळी दिवस असेल तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत, कारण इथली चिकण माती पायाला सोडत नाही. हिवाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ सर्वांत चांगली, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि जमिनीवरचा हातभर उंचवटाही लांब सावली टाकतो.

लॅक्स्टनची तीन मोठी शेते आहेत : पश्चिमेचे शेत, दक्षिणेचे शेत आणि गिरणीचे शेत. दरवर्षी त्यांतल्या एकात हिवाळ्यापूर्वी पेरलेला गहू असतो, दुसऱ्यात वसंतात पेरलेले पीक असते, आणि तिसरे पूर्वी पड ठेवले जाई, आता ते बहुधा गवत वा चाऱ्याखाली असते. पुढच्या वर्षी प्रत्येक शेताची पाळी एकाने सरकते. आपल्या पट्ट्यात काय पेरायचे हे कोणी एकटा ठरवू शकत नाही, कारण त्याचा पट्टा ज्या शेतात आहे त्या शेताची पाळी सगळ्यांना बांधते. पायवाटेवरून जाताना तुम्ही उभे आहात ते शेत या वर्षी कोणत्या पाळीत आहे हे आधी ओळखावे, आणि मग एका पट्ट्याची हद्द कुठे संपते व दुसऱ्याची कुठे सुरू होते ते शोधावे. मध्ये कुंपण नाही आणि आपल्यासारखा उंच बांधही नाही. पिकाच्या ओळींतला किंचित फरक आणि कडेला ठोकलेली खुंटी, एवढीच खूण असते.

दोन शेतांच्या उतारांमध्ये, जिथे पाणी साचते आणि नांगर चालत नाही, तिथे गवताच्या ओल्या पट्ट्या राखलेल्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘साइक’ म्हणतात. त्यांवरच्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. शेकडो वर्षांत तिथे नांगर न लागल्यामुळे इतरत्र दुर्मीळ झालेली रानफुले उन्हाळ्यात फुलतात आणि या पट्ट्यांना शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षण मिळाले आहे. जून महिन्यात गेलात तर इथे थोडा वेळ नुसते बसावे. फुले तोडू नयेत.

जमिनीची मापे समजल्याशिवाय हे शिवार पूर्ण उलगडत नाही. इंग्लिश फर्लांग म्हणजे ‘तासाची लांबी’, बैलांनी विसाव्याला न थांबता एका दमात ओढलेल्या नांगराच्या तासाची. ती पुढे २२० यार्ड ठरली. त्या लांबीला २२ यार्ड रुंदी दिली की ४,८४० चौरस यार्ड होतात आणि तोच एकर. या २२ यार्डांची मोजणीची साखळी झाली, आणि क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबीही बरोबर २२ यार्ड आहे. ज्या खेळासाठी आपण मराठी माणसे जीव टाकतो त्याचे मुख्य माप इंग्लंडच्या नांगरटीतून आलेल्या एकराच्या रुंदीइतके भरते, हे कळल्यावर मला फार समाधान वाटले. आणखी एक धागा थेट आपल्या सातबाऱ्यापर्यंत येतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, ३३ फूट म्हणजे त्या ६६ फुटांच्या साखळीचा अर्धा भाग, आणि अशा ४० गुंठ्यांचा एकर होतो, कारण मुंबई इलाख्यात जमिनीची ब्रिटिश मोजणी झाली तेव्हा एकर हे मापही तिच्याबरोबर आले.

जिथे जुने शेत नंतर कुरणाखाली गेले आहे तिथे गवताखाली लांबच लांब लाटा दिसतात. एक रुंद वरंबा, एक सरी, पुन्हा वरंबा, पुन्हा सरी. नांगराने माती नेहमी पट्ट्याच्या मध्याकडे पलटत राहिल्यामुळे हे वरंबे उंचावले आणि सऱ्यांतून पाणी वाहून जाऊ लागले. त्यांच्याकडे नीट पाहिले तर ते सरळ नसून लांबट, उलट्या ‘एस’ अक्षरासारखे वळलेले असतात. चार जोड्यांचा म्हणजे आठ बैलांचा नांगर टोकाला वळवायचा तर ते वळण आधीपासून घ्यावे लागे, त्यामुळे पट्ट्यालाच बाक आला. पुढे घोडे आले, ट्रॅक्टर आले, तरी तो बाक गवतात राहिला. इंग्लंडमध्ये आगगाडीने जाताना खिडकीतूनही अशी कुरणे दिसतात, आणि एकदा ओळख पटली की नजर आपोआप तिकडे जाते.

१६३५ चा नकाशा

लॅक्स्टनवर अभ्यासकांचे विशेष प्रेम असण्याचे दुसरे कारण एक नकाशा आहे. सर विल्यम कोर्टेन या धनाढ्य व्यापाऱ्याने ही जहागीर विकत घेतली होती, आणि त्याच्यासाठी मार्क पीअर्स या मोजणीदाराने १६३५ मध्ये गावातली प्रत्येक जागा मोजून तपशीलवार खतावणी व चर्मपत्रावरचा मोठा नकाशा तयार केला. त्यात प्रत्येक पट्टा स्वतंत्र दाखवला असून नांगरणारे, कापणी करणारे आणि शिकार करणारे लोकही चितारलेले आहेत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. गावातल्या डव्हकोट या मद्यगृहाशेजारच्या लहानशा माहिती केंद्रात शेतीची ही रीत समजावून सांगितलेली आहे.

नकाशा वापरताना पुढील रीत मला उपयोगी पडली. एकच कुटुंब निवडावे, खतावणीत त्याच्या नावावर असलेले पट्टे तीनही शेतांत शोधून त्यांवर एकाच रंगाची खूण करावी, आणि मग तो रंग किती विखुरला आहे हे पाहावे. चांगली जमीन, हलकी जमीन, जवळची, लांबची, उताराची, पाणथळ, सगळ्यांतला थोडा-थोडा वाटा प्रत्येकाला मिळालेला दिसतो. त्यानंतर हाच भाग आजच्या उपग्रहचित्रावर पाहावा. आजचे पट्टे बरेच मोठे आणि संख्येने कमी आहेत, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदाराने पट्ट्यांचे एकत्रीकरण केले. म्हणजे लॅक्स्टन मध्ययुगात गोठून राहिलेले नाही. ते बदलत आले आहे, फक्त त्याने सामाईक नियम सोडले नाहीत. हा भेद लक्षात ठेवला नाही तर पाहुणा इथे वस्तुसंग्रहालय शोधत राहतो आणि त्याला ट्रॅक्टर पाहून उगाच निराशा येते.

न्यायसभा

नियम सोडले नाहीत असे मी म्हटले, त्याचा पुरावा दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पाहायला मिळतो. गावातले पंच त्या वर्षी गहू पेरलेल्या शेताची पाहणी करतात, प्रत्येक पट्ट्याच्या हद्दीवर खुंट्या ठोकतात, आणि कोणी वाटेत किंवा साइकमध्ये नांगर घातला आहे का ते तपासतात. ज्याला आपण बांध कोरणे म्हणतो तो अपराध इथेही मुख्य आहे. त्यानंतर आठवड्याभराने ‘कोर्ट लीट’ नावाची गावाची न्यायसभा डव्हकोटमध्ये भरते, दोषी ठरलेल्यांना दंड होतो आणि पुढच्या वर्षाच्या पंचांची शपथ होते. दंडाची रक्कम लहान असते. शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे हीच खरी शिक्षा, असे मला तरी वाटते.

ही व्यवस्था टिकली कशी, याचे उत्तर बरेचसे मालकीत आहे. सतराव्या शतकात जहागीर पिअरपॉन्ट घराण्याकडे आली आणि त्यांच्या वारसांना पुढे अर्ल मॅन्व्हर्स हा किताब मिळाला. अर्ल ऑफ स्कारबरो हे या गावातले दुसरे मोठे जमीनदार होते, आणि या दोन धन्यांचे जमिनीच्या अदलाबदलीवर शतकभर जमले नाही, त्यामुळे कुंपणे घालण्याचे काम अर्धवट राहिले. १९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्सने इस्टेट कृषी मंत्रालयाला विकली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे जुन्या जहागीरदारांच्याच इस्टेटीकडे परतली. कोणत्याही इंग्लिश गावाचा इतिहास लिहिताना ही मालकीची साखळी सुरुवातीलाच मांडून ठेवावी, कारण मालकाचे कागद जिथे गेले तिथे गावाचा इतिहास गेलेला असतो. मॅन्व्हर्स घराण्याचे कागद नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागात आहेत.

चर्च आणि पॅरिशचे कागद

सेंट मायकेल या देवदूताच्या नावाचे इथले चर्च गावाच्या मानाने मोठे आहे, आणि ते पूर्वी याहूनही लांब होते. १८६० च्या जीर्णोद्धारात त्याचा काही भाग कमी करण्यात आला. आतल्या, शेरवुडची राखण करणाऱ्या एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधिमूर्तींपैकी एका स्त्रीची मूर्ती दगडाऐवजी ओकच्या लाकडाची आहे, ती चुकवू नये. कोणत्याही चर्चमध्ये बुजवलेले दरवाजे, वेगवेगळ्या रंगांचे दगड आणि कमानींच्या आकारातले बदल पाहावेत, कारण गावाच्या भरभराटीचे व उतरत्या काळाचे पुरावे तिथे बांधकामातच असतात. बाहेर पडताना पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावे वाचावीत आणि तीच आडनावे आवारातल्या थडग्यांवर शोधावीत.

इथवर आल्यावर कागदांकडे वळावे. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या हुकुमापासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवायला हवी होती. लॅक्स्टनसारख्या गावांच्या या वह्या परगण्याच्या अभिलेखागारात मिळतात. त्या वाचताना तारखांचा एक सापळा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून वहीत फेब्रुवारी १६३४ लिहिले असेल तर आपल्या हिशेबाने ते १६३५ समजावे. हे ध्यानात न घेतल्यास मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेले किंवा माणूस मृत्युपत्र करण्यापूर्वीच मेलेला दिसतो. शिवाय १७३३ पर्यंत न्यायालयीन कागद बहुधा लॅटिनमध्ये असत आणि जुने वळण आजच्या इंग्लिश वाचकालाही लागत नाही. ज्याने मोडी शिकण्यासाठी महिनाभर अक्षरे गिरवली आहेत त्याला या कष्टाचे स्वरूप वेगळे सांगायला नको.

दैनंदिन जीवनासाठी मात्र जन्म-मृत्यूच्या वह्यांपेक्षा मृताच्या मालमत्तेच्या याद्या अधिक बोलक्या असतात. सोळाव्या शतकापासून अठराव्याच्या मध्यापर्यंत माणूस गेला की शेजारचे दोन-चार लोक त्याच्या घरात फिरून खोलीवार सामान लिहीत : पलंग, पिसांची गादी, कथिलाच्या मिश्रधातूची ताटे, पितळी पातेले, टांगलेले खारे मांस, गोठ्यातल्या गाई, शेतातले उभे पीक. या याद्या वाचून घराचा आराखडा कागदावर काढता येतो. नॉटिंगहॅमशायरच्या मृत्युपत्रांचा काही भाग नॉटिंगहॅमला आणि काही यॉर्कच्या बॉर्थविक संस्थेत आहे, म्हणून दोन्ही सूच्या पाहाव्यात.

गरिबांचा शोध वेगळ्या वहीत घ्यावा लागतो. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांचा भार टाकला होता, आणि पॅरिशच्या हिशेबात कोणाला जोडा दिला, कोणाचे भाडे भरले, कोणत्या विधवेच्या दफनाचा खर्च उचलला हे पैशांनिशी येते. १६६२ नंतर हा भार टाळण्यासाठी पॅरिशी परक्या गरिबाला त्याच्या मूळ गावी परत पाठवू लागल्या, आणि त्याच्या तपासणीचे जबाब म्हणजे ज्यांनी स्वतः कधी एक अक्षर लिहिले नाही अशा माणसांची छोटी चरित्रे आहेत. १८३४ नंतर घरपोच मदतीऐवजी गरिबांना वर्कहाउसमध्ये, म्हणजे त्यांना ठेवून कामाला लावणाऱ्या इमारतीत, पाठवण्याचे धोरण देशभर आले. साउथवेल येथे त्याआधीच, १८२४ मध्ये, बांधलेले वर्कहाउस आता नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेने जतन केले असून ते लॅक्स्टनच्या भेटीला जोडून पाहता येते. पुरुष, स्त्रिया आणि मुले यांना अलग ठेवण्यासाठी उभारलेल्या तिथल्या भिंती पाहिल्याशिवाय इंग्लिश खेड्याविषयी काही लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

१८४१ पासूनच्या जनगणना संकेतस्थळांवर मिळतात. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील लोकांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत, आणि नेमके जन्मगाव व कुटुंबातले नाते १८५१ पासून दिसते. शेतमजुरासाठी ‘ॲग लॅब’ हे संक्षिप्त रूप पानोपानी येते. १९३१ ची जनगणना १९४२ मधल्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये ती युद्धामुळे झालीच नाही, म्हणून १९२१ नंतर थेट युद्धाच्या सुरुवातीला, १९३९ मध्ये, केलेल्या लोकांच्या नोंदवहीकडे जावे. याच काळासाठी गावच्या शाळेची दिनवहीही मागवावी. पीककापणीच्या किंवा बटाटे वेचण्याच्या दिवसांत वर्ग कसे ओस पडत, याच्या नोंदी अशा वह्यांत नेहमी सापडतात.

तुमचे गाव लॅक्स्टन नसेल तर

बहुतेक वाचक जिथे राहतात त्या गावांत खुली शेते उरलेली नसतील. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीवर कुंपणे घालू दिली, म्हणजे इंग्लंडच्या एक-पंचमांशाहून थोडी अधिक. या वाटपाचा निवाडा आणि नकाशा अभिलेखागारात मागावा, त्यात कोणाला किती मिळाले ते वाचावे, आणि विशेषतः ज्यांची फक्त गायरानात एक गाय चारण्यापुरती सवय होती त्यांच्या वाट्याला काय आले हे तपासावे. अनेकदा काहीच आलेले नसते. त्याच्या जोडीला १८३६ च्या कायद्यानंतर धर्मकराची रोख आकारणी ठरवण्यासाठी तयार झालेले नकाशे पाहावेत. त्यांत प्रत्येक तुकड्याचा मालक, कसणारा आणि शेताचे नाव दिलेले असते.

गावकऱ्यांमध्ये वावरताना

पायवाटांच्या हिरव्या तुटक रेघा नकाशावर दिसतात आणि जमिनीवर पिवळे बाण. त्या वाटेने पिकातून जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण वाट सोडून पट्ट्यात शिरण्याचा नाही. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे : बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे. मेंढ्या असतील तर कुत्रा दोरीला असावा. पॅरिश कौन्सिलचा फलक अवश्य वाचावा, कारण १८९४ पासून खेड्याचा लहान कारभार याच निवडलेल्या मंडळाकडे आहे आणि दिवाबत्तीपासून सभागृहातल्या कार्यक्रमापर्यंत गावाचे चालू आयुष्य त्या एका फलकावर चिकटवलेले असते. शेजारच्या वेलो गावात मे महिन्याच्या उत्सवाचा उंच खांब वर्षभर उभा असतो आणि वसंतातल्या सुट्टीच्या सोमवारी मुले त्याभोवती फिती गुंफत नाचतात, तोही दिवस साधता आला तर साधावा.

वृद्ध गावकऱ्यांशी बोलायचे असेल तर मद्यगृहात किंवा चर्चनंतरच्या चहाला गाठ पडते. थेट ‘तुमच्या वेळी कसे होते’ असे विचारण्याऐवजी जुन्या नकाशाची छापील प्रत टेबलावर पसरावी आणि एखाद्या शेतावर बोट ठेवून त्याचे नाव विचारावे. बोलणे तिथून आपोआप सुरू होते. नाव व आठवणी लिहून घेण्यापूर्वी परवानगी मागावी, आणि टिपणाची स्वच्छ प्रत त्यांना टपालाने पाठवावी.

न्यायसभेच्या आठवड्यात जायचे असेल तर तारीख माहिती केंद्राकडून आधी विचारून घ्यावी, गावात बस क्वचितच येते म्हणून परतीची सोय पाहून ठेवावी, आणि पंच शेतात उतरले की वाटेवरच उभे राहावे. नुकत्याच उगवलेल्या गव्हाचे कोंब त्या दिवसांत बोटभरही उंच झालेले नसतात.